दोन हातोडे

पहिल्यांदा तो आला, तेव्हा त्याची गाडी कोन गावच्या रस्त्यावरून झोकांड्या खात येत होती. दिपिका गॅरेजच्या दारात उभी राहून बघतच राहिली. जुनी पांढरी फियाट, आत घामाघूम झालेला तरुण, आणि स्टिअरिंग फिरवलं की गाडी जरा विचार करून मग वळायची!

"कर्नाळ्यापासून अशीच आणलीत?" तिने विचारलं.

"हो... देवाचं नाव घेत."

"देवाला कशाला त्रास? ब्रेक दाबायचा ना!"

तो हसला. पांढऱ्याफटक पडलेल्या चेहऱ्यावर ते हसू असं काही उमटलं, की दिपिका उगाचच हातातला पाना पुसत बसली. गाडीचं काय बिनसलं ते ओळखायला तिला वडिलांनी, काशिराम मिस्त्रींनी, शिकवलं होतं. पण कुणी असं हसलं की काय करायचं, हे कुणीच शिकवलं नव्हतं.

त्याचं नाव सत्यजीत. राहायला कामोठ्याला. गाडी त्याच्या वडिलांची. ते गेल्यावर मोठा भाऊ ती भंगारात काढायला निघाला होता. "आरटीओचं पासिंग झालं तर ठेव, नाहीतर मी भंगारवाल्याला बोलावतो," असं त्याने बजावलं होतं. मग काय, पावसाळाभर सत्यजीत दर शनिवारी हजर! कधी ब्रेक, कधी वायरिंग. उलट्या डब्यावर बसून तो दिपिकाला हत्यारं द्यायचा आणि हमखास चुकीचं द्यायचा. ती रागवायची. मग दोघं चहा प्यायची.

आणि गेल्या शनिवारी चहा पितापिता तो म्हणाला, "पुण्याला बदली झालीय माझी. पासिंग झालं की गाडी घेऊनच जाईन."

"छान झालं," असं म्हणून दिपिका गाडीखाली शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आता एकच काम उरलं होतं. स्टिअरिंगच्या दांड्याचा, म्हणजे टाय रॉडचा, डाव्या चाकाजवळचा सांधा. खाडीच्या खाऱ्या हवेने तो असा गंजून बसला होता, की हलायचं नाव घेईना. पासिंग उद्यावर आलेलं, म्हणून सत्यजीत शनिवारची वाट न बघता आजच आला होता. सांधा निघाला नाही, तर गाडी भंगारात. निघाला, तर गाडी पुण्याला आणि गाडीबरोबर तोही.

काशिराम मिस्त्री गावात हळदीला निघाले होते. जाताजाता म्हणाले, "दोघांनी मिलून हाणा. एकट्याचं काम नाय ते."

चाक काढून गाडी ठोकळ्यांवर टेकवली होती. दिपिकाने सांध्याचा नट सैल केला.

"पूर्ण काढ ना," सत्यजीत म्हणाला.

"नाय. नटाचे थोडे आटे अडकवून ठेवायचे. सुटला तरी खाली पडत नाय मग." तिने जड हातोडा त्याच्या हातात दिला. "हा त्या बाजूने टेकवून धरा. मी या बाजूने मारते."

टक.

पुन्हा टक. पत्र्यावर पावसाची सर वाजत होती. त्याचा हात तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होता, आणि तिला आपलाच श्वास मोठ्याने ऐकू येत होता.

टक...

"दिपिका."

"काय?"

"मागे एका शनिवारी टेंपोचा सांधा तू एका घावात काढलास. मी बघत होतो."

"तो काय... सोपा होता."

"याच्यापेक्षा जास्त गंजलेला होता." तो थांबला. "तुझा हातोडा हळू पडतोय."

"हात दुखतोय माझा."

"कुठला?"

तिने घाईघाईने डावा हात पुढे केला. मारत होती उजव्याने! तो नुसता बघत राहिला. दिपिकाचे कान तापले. आता लपवण्यासारखं उरलंच काय होतं?

"सुटला की तुम्ही जाणार ना..." ती हातोड्याकडे बघत म्हणाली.

पत्र्यावरची सर ओसरली. दिपिकाला वाटलं, संपलं सगळं, आता हा उठून जाईल.

"जरा इकडे बघ," तो हळूच म्हणाला.

तिने वाकून पाहिलं. त्याचा हातोडा लोखंडाला टेकलेलाच नव्हता! मध्ये चांगली बोटभर फट होती.

"अहो! मागून आधार नसला तर जन्मात सुटणार नाय तो! गाडी भंगारात गेली असती... तुमच्या बाबांची गाडी!"

"माहितीये. बाबांची गाडी जाऊ नये असंही वाटतं... आणि हे शनिवार जाऊ नयेत असंही. काय करू, सांग ना?"

दिपिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला त्याचा राग आला, स्वतःचाही आला, आणि त्या रागाच्या आत कुठेतरी एवढा आनंद झाला की तिला काही सुचेना.

"आधी गाडी वाचवू," ती डोळे पुसत म्हणाली. "धरा. घट्ट."

त्याने धरला. तिने दातओठ खाऊन घाव घातला. खण्ण! सांधा निखळला आणि उरलेल्या आट्यांवर लोंबकळत राहिला.

दुसऱ्या दिवशी दिपिकाचं कशात लक्ष नव्हतं. दुपार झाली तरी फोन नाही. नवा सांधा तिनेच बसवला होता, नटाची पिन तिनेच वाकवली होती. काही चुकलं तर नसेल ना? की पासिंग होऊन तो तसाच घाट चढून गेला? चहा गार झाला, वर साय धरली.

आणि मग कोनच्या रस्त्यावर पांढरी फियाट दिसली. सरळ येत होती, जराही न डुलता.

"झाली पास!" तो उतरताउतरताच ओरडला.

"मग इकडे कशाला? आज शनिवार नाय."

"नट आवळून बघायला हवा ना?"

"लगेच नाय. थोडी चालल्यावर."

"मग पुण्याहून येईन. दर शनिवारी येईन." तो जवळ आला. "पण आज नटासाठी नाही आलो, दिपिका. मला तू हवी आहेस. तुझ्या बाबांशी बोलायचंय... आणि भीती वाटतेय."

आतून काशिराम मिस्त्री खोकले.

दिपिकाने त्याचा हात धरला. "चला," ती म्हणाली, "मी हाय ना मागून."