पपनसाच्या बागेचं बूच

कल्पना करा हं. कालव्याच्या काठी एक लाकडी घर आहे. त्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. अगदी लहान होतात तेव्हापासून रोज संध्याकाळी तुम्ही शेवटून दुसऱ्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडलेले आहेत. आणि आता उन्हाळ्याच्या सुट्टीत, समोरून होडीनं जाताना तुम्हाला दिसतं, की त्याच पायरीवर दुसरीच मुलगी बसलीय. तुमच्यासारखेच पाय हलवतेय. शेजारी तुमचा पिवळा कुत्रा. तो तर तुमच्याकडे बघतसुद्धा नाही.

कसं वाटेल?

माप्रांगला वाटलं, त्या मुलीची चप्पल तरी निदान पाण्यात पडावी.

मागच्या पावसाळ्यात माप्रांगच्या बाबांनी हे घर आणि मागची पपनसांची बाग विकली आणि बाजारात नूडल्सचं दुकान टाकलं. आता सगळे दुकानाच्या माळ्यावर राहत. घर घेतलं बँकॉकहून आलेल्या प्रासोंगकाकांनी. ही त्यांची मुलगी बायतोय. दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडी तिचंच नाव असे. किती गोड बोलते, किती वाकून नमस्कार करते. ते ऐकलं की माप्रांग वाडगे जरा जास्तच जोरात आपटून धुवायची.

"ताई, आपलं झाड बघ," होडीच्या टोकावरून तिचा धाकटा भाऊ खाओतोम म्हणाला.

माप्रांग जन्मली तेव्हा आजोबांनी लावलेलं पपनस कुंपणावरून दिसत होतं. त्याची पानं कडेनं करपली होती, जणू कुणी प्रत्येक पान मेणबत्तीवर धरलं होतं. माप्रांगला आधी बरंच वाटलं. घ्या आमची बाग, असं ती मनात म्हणाली. मग तिनं वल्हं थांबवलं, कारण झाड तर तिचं होतं.

तेवढ्यात बायतोयनं त्यांना पाहिलं आणि ती उठून उभी राहिली. गोड बोलणारी ती मुलगी आज गोड बोलली नाही.

"न्यायला नको होतं तेही नेलंत ना तुम्ही? जागेच्या राखणदाराचं देऊळ पार मोकळं केलंत. बाबा म्हणतात, तो रागावला म्हणूनच झाडं मरतायत."

"आम्ही काही चोर नाही," माप्रांग म्हणाली.

"मग त्याचे हत्ती कुठे गेले? त्याच्या नर्तकी कुठे गेल्या?"

अंगणातल्या खांबावरच्या चिमुकल्या देवळातल्या मातीच्या मूर्ती बाबांनी पोत्यात भरून आणल्या होत्या, हे खरं होतं. आजोबांनी ठेवलेल्या वस्तू परक्यांकडे कशाला, असं बाबा म्हणाले होते. राखणदार जागेचा असतो, तो माणसांबरोबर घर बदलत नाही, असं शेजारच्या आजीनं तेव्हाच बजावलं होतं. पण निघायच्या घाईत कोण ऐकतं!

दोघी भांडत असताना होडी पायऱ्यांना टेकली होती आणि खाओतोम उतरून बागेत शिरला होता. झाडांच्या रांगांमधून पाण्याचे चर होते. प्रासोंगकाका घामाघूम होऊन त्यातलंच पाणी बादलीनं झाडांना घालत होते. झाडं जितकी वाळत, तितकं ते जास्त पाणी घालत. खाओतोमनं चरात हात बुडवून एक शंख उचलला आणि सवयीप्रमाणे बोट तोंडात घातलं. या मुलाच्या तोंडात काय जाईल याचा नेम नसे.

"शी! ताई, हे तर खारट आहे."

माप्रांगचं भांडण तिथंच थांबलं. ऐन उन्हाळ्यात मेक्लोंग नदीचं पाणी आटतं आणि भरतीबरोबर समुद्र कालव्यापर्यंत वर चढतो. बांधाखाली माडाचं एक पोकळ खोड पुरलेलं होतं. एरवी त्यातूनच बागेत गोडं पाणी येई. उन्हाळ्यात मात्र भरतीआधी आजोबा पाण्यात बुडी मारून त्याला लाकडाचं बूच ठोकत. मागच्या ऐन पावसाळ्यात आजोबा गेले आणि त्याच पावसाळ्यात घर विकलं. बाबांनी किल्ल्या दिल्या, पंखे ठेवले, दिव्यांची बटणं दाखवली. बुचाची आठवण कुणाला झाली नाही.

"बूच कुठे ठेवायचे आजोबा?" माप्रांगनं हे सांगताच बायतोयनं विचारलं.

"देवळाच्या खांबाशी. तिथून कुणी काही हलवत नाही म्हणून."

दोघींनी खांबाकडे पाहिलं. तिथं काहीच नव्हतं.

माप्रांग एकदम होडीकडे धावली. दुकानात गल्ल्याच्या वर, फळीवर, मातीच्या हत्तींच्या मधोमध एक जाडजूड लाकूड उभं होतं. त्याला लाल, पिवळं, हिरवं कापड गुंडाळलेलं, गळ्यात मोगऱ्याचा हार, पुढ्यात लाल सरबताची बाटली आणि तिच्यात नळी. बाबा रोज सकाळी त्याला हात जोडून मगच चूल पेटवत.

माप्रांगनं स्टुलावर चढून ते लाकूड काढलं, तेव्हा बाबांच्या हातातली पळी पडली. देवाच्या लाकडाला शिवू नकोस, असं ते ओरडत असतानाच तिनं नवं कापड सोडलं. आत जुनं, कालव्याच्या चिखलानं कडक झालेलं फडकं होतं. त्याच्याही आत एका टोकाला निमुळतं लाकूड, आणि धरायला आजोबांनी कोयत्यानं पाडलेल्या खाचा.

बाबा खाली बसले. "खांबापाशी होतं, कापड बांधलेलं होतं. मला वाटलं, अप्पांचा काही देव असेल."

"एवढे महिने बुचाला सरबत पाजलंत," आई म्हणाली, आणि हसू दाबत आत गेली.

पौर्णिमेची मोठी भरती दुपारनंतर चढणार होती. बाबांनी दुकान आईवर सोडलं आणि हत्ती, नर्तकी सगळं पोत्यात भरून तेही होडीत बसले. पोचेपर्यंत पाणी खालच्या पायऱ्या गिळून वर येत होतं. पोकळ खोडाचं तोंड नेमकं कुठं आहे, हे बाबांनाही ठाऊक नव्हतं. आजोबांना बूच द्यायला पाण्यात उतरायची ती फक्त माप्रांग.

तिनं बूच छातीशी धरून बुडी मारली. गढूळ पाण्यात डोळे उघडून काही उपयोग नव्हता. ती बांध चाचपत गेली. दगड, मुळं, पुन्हा दगड. दम संपत आला तसं कुणीतरी ओढावं तसा तिचा हात आत खेचला गेला. हेच ते! तिनं बूच लावलं, पण ते तिरकं बसलं आणि खेचणारं पाणी थांबेना. ती वर येऊन धापा टाकायला लागली. तेवढ्यात शेजारी धपकन आवाज झाला. बायतोय कपड्यांसकट पाण्यात उतरली होती. तिनं बांधाच्या मुळांना पाय अडकवून माप्रांगला कमरेला घट्ट धरलं. माप्रांगनं पुन्हा बुडी मारून बूच सरळ केलं आणि पुढचं काम पाण्यानंच केलं. ते आत गच्च रुतून बसलं.

ओहोटीला बूच काढून बागेतलं खारं पाणी सोडून दिलं. असं रोज करायचं होतं. पाणी कधी आत घ्यायचं हे खाओतोम बोट चाखून ठरवायचा, आणि त्याच्याइतकी जीभ साऱ्या कालव्यात कुणाला नाही, असं प्रासोंगकाका सगळ्यांना सांगायचे. बाबांनी हत्ती एकेक करून देवळात परत ठेवले आणि राखणदाराची आणि काकांची माफी मागितली. पपनसाला टोकाशी हिरवा कोंब आला, तेव्हा शेजारच्या आजीनं माप्रांगच्या गालावरून हात फिरवला. "अगदी आजोबांची नात," ती म्हणाली.

आता काका रोज तिच्यासाठी होडी पाठवत. तिच्याशिवाय बाग वाचणार नव्हती. माप्रांगला हे फार आवडलं. पायरी बायतोयची झाली असेल, पण पाण्याखालची जागा तिची एकटीची होती. बायतोय दोनदा विचारून गेली, ते भोक सापडतं कसं. दोन्ही वेळा माप्रांगनं न ऐकल्यासारखं केलं.

मग शाळा उघडायची वेळ आली. आता रोज दुपारी येणं माप्रांगला जमणार नव्हतं. त्या दुपारी ती आली तेव्हा बायतोय शेवटून दुसऱ्या पायरीवर एका कडेला सरकून बसली होती. उरलेली जागा तिनं पुसून ठेवली होती. ती आंबा आणि चिकट भाताची पुडी सोडत होती. भाताचे दोन भाग आधीच केलेले होते.

माप्रांग बसली नाही. ती पाण्यात उतरली आणि तिनं वर हात केला.

"आधी चल, खाणं नंतर," ती म्हणाली. "दम धर आणि हात सोडू नकोस."

आणि बांधाच्या तळाशी, त्या गढूळ अंधारात, तिनं बायतोयची बोटं धरून खोडाच्या तोंडावर टेकवली.