एका दिशेला वळलेले स्फटिक

हे घडलं तेव्हा रात्र नव्हती. भर दुपार होती. रविवार, १९ नोव्हेंबर २०२३. जागा पुण्यातली एक प्रयोगशाळा. नाव सांगत नाही, कारण माझी बहीण निकिताताई अजून तिथेच काम करते. तिने सांगितलं तेच लिहितोय, पदरचं काही नाही.

ताई पीएचडीसाठी प्रोटीनचे स्फटिक वाढवायची. प्लेटमध्ये इवले इवले थेंब ठेवायचे, प्लेट सील करायची आणि आठवडेच्या आठवडे तिला धक्का लागू द्यायचा नाही. स्फटिक एकाच दिशेला तोंड करून वाढायला हवे होते. तिचे वाढायचे ते सांडलेल्या काड्यापेटीसारखे. वेडेवाकडे. सात महिने हेच चाललं होतं, आणि मार्चमध्ये फेलोशिप संपणार होती.

भाऊबीज झाल्यावर ती लॅबमध्ये गेली. मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि...

सगळे स्फटिक एका दिशेला, टोकं समोरच्या भिंतीकडे.

चोवीसच्या चोवीस थेंबांत.

तिला आनंद झाला नाही. आधी संशय आला. राजसचा. तोही त्याच प्रोटीनवर काम करायचा, आणि खोलीची दुसरी किल्ली त्याच्याकडे होती. त्यानेच प्लेट बदलली असणार.

तिने प्लेटखाली मार्करने खूण केली. प्लेट जागच्या जागी अर्धा फेरा फिरवून ठेवली. जाताना दाराच्या फटीवर चिकटपट्टी लावली.

दुसऱ्या दिवशी पट्टी जशीच्या तशी. खूणही तीच.

पण टोकं पुन्हा त्याच भिंतीकडे...

तळाला चिकटलेले स्फटिक असे वळत नाहीत.

तिने राजसला सरळ विचारलं. तो शनिवार पेठेतला, उत्तरही तसंच आलं. "माझे स्वतःचे धड वाढत नाहीत. तुझे सरळ करायला वेळ कुठून आणू?"

मग म्हणाला, उद्या मी येतो, दोघं मिळून बघू.

रविवारी दुपारी खोलीत दोघंच होते. मायक्रोस्कोपचं चित्र समोरच्या स्क्रीनवर लावलं. कुणीच कशाला हात लावायचा नाही, असं ठरलं.

थोड्या वेळाने एसीची घरघर थांबली. लाइट गेली नव्हती. स्क्रीन चालूच होती.

आणि टोकं हलायला लागली...

हळूहळू. सगळी एकदम. खोलीतून कुणी चालत यावं आणि त्यांनी त्याच्याकडे बघत राहावं, तशी.

भिंत... कपाट... दार...

ताईच्या उजव्या हाताला एक रिकामं स्टूल होतं. टोकं तिकडे वळून थांबली.

ताईची मान वळेना. राजस मात्र त्या स्टुलाकडेच बघत होता. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "मला वाटायचं तू बाहेरच्या कुणाची मदत घेतेस. सरांना सांगणारही होतो. या बाई रोज तुझ्याजवळ बसतात ना?"

ताईजवळ कधीच कुणी बसलेलं नव्हतं.

दोघं बाहेर आले ते जवळजवळ पळतच. नंतर ती प्लेट क्ष-किरण तपासणीला गेली. निकाल इतका स्वच्छ आला की तिच्या गाइड सरांनी तीनदा तपासून घेतला. ताईला पीएचडी मिळाली.

गेल्या आठवड्यात प्रबंध छापून घरी आला. मी आभाराचं पान उघडलं. सर, आई-बाबा, राजस, मी. आणि सगळ्यात खाली एक ओळ...

'शेजारी बसणाऱ्या बाईंना.'

ताई म्हणते, ही ओळ मी लिहिली नाही. राजसला फोन केला. तो म्हणाला, प्रबंधाची फाइल माझ्याकडे कधी नव्हतीच.

मी अजून दोघांवरही संशय घेतोय. दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलत असावं, एवढीच माझी इच्छा आहे.