नऊ-शून्य-दोन

बाबांना जाऊन एकवीस दिवस झाले होते, आणि नोटीस म्हणत होती की त्यांचा अल्गोरिदम त्यांचा नव्हताच.

मजकूर गुप्त करण्याची ती गणिती रीत बाबांनी सगळ्यांसाठी खुली केली होती. लेकीचं सॉफ्टवेअर तिच्यावरच उभं होतं. आता एक कंपनी म्हणत होती, पेटंट आमचं. लायसन्स घ्या, नाहीतर रीत काढून टाका. पेटंटचा अर्ज बाबांनी रीत जाहीर करण्याच्या आठ महिने आधीचा होता.

रीत जाहीर होण्याआधी तिचा मसुदा दोघांनीच पाहिला होता, आणि किल्ली, म्हणजे मजकूर गुप्त करणारा आकडा, वापरून त्यातल्या नमुन्याचं उत्तर पडताळलं होतं. गणित शिकवणारी आत्या आणि बाबांचे भागीदार, काका.

तिने आत्याला फोन लावला.

"बाबांनी मसुदा पडताळायला कसा दिला होता गं?"

"नमुन्याची किल्ली वर लिहून. वर दम, दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही! जशी मी कॉपी करणारी कार्टी."

"किल्लीचा शेवट?"

"थांब, कागद आहे. सात-सात-चार."

पेटंटमधल्या नमुन्याच्या किल्लीचा शेवट नऊ-शून्य-दोन होता. बाबांनी जाहीर केलेल्या नमुन्याच्या किल्लीचा, एक-एक-आठ.

तिने बाबांची फाइल काखोटीला मारली आणि कंपनीचं कार्यालय गाठलं. आधार द्यायला काका आले होते.

"लायसन्सवर सही करून टाक, बाळा," ते कंपनीच्या वकिलासमोरच म्हणाले. "तुझ्या आत्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिच्याकडूनच फुटलं असणार."

"तुम्ही मसुदा पडताळला होतात, काका?"

"अर्थात."

"आत्याच्याच किल्लीने?"

"एकच तर नमुना होता!"

"तीन होते. एकाने दुसऱ्याचं उत्तर उतरवू नये म्हणून बाबांनी दोघांना वेगळ्या किल्ल्या दिल्या. जाहीर करताना तिसरी वापरली. पेटंटमधली किल्ली आत्याची नाही, जाहीर केलेलीही नाही." तिने फाइलमधलं, बाबांना आलेलं एक पत्र टेबलावर ठेवलं. "हे अक्षर तुमचं. 'नऊ-शून्य-दोनने उत्तर जुळलं.' तुम्ही यांना मसुदा विकलात, नमुन्यासकट."

काकांचा चेहरा उतरला. "तो फुकट वाटत सुटला होता! माझीही वर्षं गेली त्यात."

"मग बाबांशी भांडायचं होतंत."

वकिलाने घसा खाकरला. "चौकशी होईपर्यंत तरी वापर थांबवा."

"नाही थांबवणार."

तिथेच लॅपटॉप उघडून तिने सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती जाहीर केली, सोबत तिन्ही नमुने आणि काकांचं पत्र. बाबांचं नाव टाइप करताना बोटं क्षणभर अडली. मग तिने ते पूर्ण लिहिलं, आणि खाली एक ओळ: कोणीही वापरा, कोणालाही विचारू नका.