चाळणीच्या घेरातली माणसे

बेचाळीस हजार वस्तीचा तालुका आणि कीर्तनाला आले सातजण. तेही आमच्या मापारी नावाच्या यंत्रमानवाला माणूस धरले तर. मग बाकीचे गेले कुठे?

ही गोष्ट २०६१ सालची. मी, शरयू, तेव्हा दहा वर्षांची होते. आज माझे केस पांढरे झालेत, पण कीर्तन झाले त्या सड्यावरचा (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरचा) वारा अजून कानात भणभणतो. आमच्या बाजूला कीर्तनकार एकच उरल्या होत्या, अनसूयाताई. त्या गादीवर उभ्या राहिल्या की मागे झांज मी धरायची. त्या दिवशी त्यांनी पूर्वरंग (कीर्तनातला आधीचा, निरूपणाचा भाग) कसाबसा आटोपला, रिकाम्या सतरंज्यांकडे एकदा पाहिले, आणि आख्यान न लावताच हात जोडले. कथा ऐकायला आसुसलेली मी तशीच झांज धरून उभी राहिले.

पुढच्या चैत्रात अनसूयाताई सकाळीच आमच्या पडवीत आल्या. आजोबांसमोर चिपळ्या ठेवून म्हणाल्या, "दादा, ह्या संग्रहालयाला देऊन टाका. लोकांना कीर्तन नको झालंय."

त्यांनी चिपळ्या ठेवल्या की आमच्याकडचे कीर्तनच संपणार होते.

आजोबा नकाशाशास्त्रज्ञ (नकाशे काढण्याचे शास्त्र जाणणारे) होते. त्यांनी कोपऱ्यातल्या तांदळाच्या पोत्यांकडे बोट दाखवले. "नको झालंय, तर ही पोती कुणाची?"

आमच्याकडे कीर्तनाच्या प्रसादासाठी घरटी एक मूठ तांदूळ द्यायची रीत. त्या काळी उडत्या टोपल्या दारोदार जाऊन मुठी गोळा करायच्या. तांदूळ भरपूर जमला होता. खाणार मात्र सहाजण. मापारी काही जेवत नसे.

"मुठी आल्या, माणसं आली नाहीत," आजोबा म्हणाले. "का, ते शोधू. मग चिपळ्यांचं बघू."

कीर्तनाच्या उत्सवाचे प्रमुख सदूकाका तिर्लोटकर यांना बोलावणे गेले. आजोबांनी विचारले, "सदू, मंडपाची जागा कशी ठरवलीस?"

"अगदी न्यायानं. दरवर्षी मानावरून गावं भांडतात. म्हणून तालुक्याच्या नकाशाला घडी घातली. उभी एक, आडवी एक. घड्या मिळाल्या तिथं मंडप. सगळ्यांना सारखंच लांब."

"म्हणजे सगळ्यांनाच लांब."

"चालत नसेल जमत, तर उडत्या गाड्या आहेत की."

"त्या वाऱ्यात सड्यावर गाड्या उतरवायला बंदी आहे, काका," मापारी म्हणाला. "गेल्या कीर्तनाला तुम्ही स्वतः खालून चालत आलात. वाटेत अकरा वेळा बसलात."

"हे यंत्र फार बोलतं," सदूकाका पुटपुटले. मग त्यांनी भिंतीवरचा सरकारी नकाशा दाखवला. "आता हे बघा. तालुका सगळा एकाच शेंदरी रंगाचा. सड्यावरही तोच रंग. मग तिथं माणसं नकोत का?"

"हा रंग लोकसंख्येच्या घनतेचा," आजोबा म्हणाले. घनता म्हणजे दर चौरस किलोमीटरला सरासरी किती माणसे राहतात तो आकडा. आमची होती साठ. "बाय, तुझ्या मामाच्या घरात खोल्या पाच आणि माणसं दहा. दर खोलीला किती?"

"दोन."

"आणि जेवायच्या वेळी जाऊन मोजलंस तर?"

मला हसू आले. "सगळी स्वयंपाकघरात."

"सरासरी खोटं नाही बोलत. पण कोण कुठं बसलंय, ते ती सांगत नाही. त्यासाठी ठिपक्यांचा नकाशा हवा."

पडवीभर काळ्या कापडावर काढलेला तालुक्याचा मोठा कोरा नकाशा पसरला. एक दाणा म्हणजे वीस माणसे, असे ठरले. मापारीने प्रत्येक वाडीची लोकसंख्या वाचायची आणि मी तिच्या जागी त्या हिशेबाने दाणे ठेवायचे. दुपारपर्यंत एकवीसशे दाणे पडले. सडा जवळजवळ काळाभोर राहिला. नदीच्या काठाने मात्र तांदळाची पांढरी शाल पसरावी तसे झाले.

"नदीकडेच का सगळे?" मी विचारले.

"पाणी, गाळाची माती, सपाट वाट. माणूस पोट भरेल तिथं चूल मांडतो."

मग आजोबांनी जाळी फाटलेल्या चाळणीचा घेर आणला. नकाशाचे प्रमाण त्यांनी असे धरले होते, की घेराच्या मधोमध मंडप मानला तर कडेचा माणूस तासाभरात तिथे चालत पोचेल. सड्यावर घेर ठेवला. आत तीन दाणे. मी तो हळूहळू सरकवत नदीच्या वळणावर आणला. मापारीने मोजले, "अकराशे चाळीस."

निम्म्याहून अधिक तालुका त्या एका घेरात होता. अनसूयाताईंनी खाली बसून घेराला हात लावला, देवाला लावावा तसा.

"जगाचंही असंच," आजोबा म्हणाले आणि २०२० च्या सुमाराचा एक जुना नकाशा उलगडला. इजिप्तचे वाळवंट रिकामे आणि नाईलच्या काठाची बारीक पट्टी गच्च भरलेली. भारत, चीन आणि आग्नेय आशियावर त्यांनी एक वर्तुळ काढले. आत बराचसा समुद्र, तरीही जगातली निम्म्याहून अधिक माणसे त्यात.

सदूकाकांनी शेवटची शंका काढली. "पण मग मान त्या गावाला जाईल."

"वळणाला तीन गावांच्या शिवा लागतात," मी म्हणाले. "तिघांनाही घालू दे हार."

"दादा, नात वकील होणार तुमची," म्हणत सदूकाका कामाला लागले.

वैशाखात नदीच्या वळणावर कीर्तन झाले. ऊन उतरताच माणसे येऊ लागली. काठ्या टेकत, नातवंडांना कडेवर घेऊन, बाजारातून थेट, मिरीच्या पिशव्या तशाच खांद्याला. पूर्वरंग झाला, बुक्का लागला, तिन्ही गावांचे हार पडले, आणि अनसूयाताईंनी आख्यान लावले. मध्येच त्यांचा आवाज चिरकला, तेव्हा समोरून पाच हजार गळ्यांनी ध्रुपद उचलले. माझ्या हातातली झांज त्यात ऐकूसुद्धा येईना. तो नाद आठवला की आजही हात आपोआप जोडले जातात.

आरतीनंतर ताई आजोबांपाशी आल्या. चिपळ्या कमरेला खोचलेल्या. "दादा, पुढच्या वर्षी कुठं?"

"ते आत्ता कसं सांगू? वरच्या धरणापाशी नवी गिरणी येतेय. माणसं हलतील. पुन्हा दाणे मांडावे लागतील."

तेव्हापासून मी दर चैत्रात दाणे मांडत आले. यंदा चंद्रावरच्या वस्तीचा पहिला नकाशा आलाय. चारशे माणसे, म्हणजे वीस दाणे, बर्फ सापडलेल्या विवराच्या काठाशी. तिथल्या एका मुलीने निरोप धाडलाय, की इकडे कीर्तन ठेवायचे तर कुठे ठेवावे? मी घेर घेऊन बसलेय.