रडार विभागाचा पास

चाचणीच्या माळावर धुकं इतकं दाट उतरलं होतं, की चैतालीला पायातले बूटही दिसेनात. लोणावळ्याजवळच्या त्या संरक्षण कंपनीत ती कॅमेऱ्यांच्या विभागात होती. माळावरच्या पिवळ्या पट्ट्यापलीकडे रडार विभाग... आणि चालता चालता बाईसाहेब नेमक्या पट्टा ओलांडून गेल्या!

“विनापास शिरलात,” धुक्यातून आवाज आला. मागोमाग दोन हसरे डोळे आणि गळ्यातलं ओळखपत्र – प्रज्ञेश, रडार. “तुमच्या कॅमेऱ्यांना धुक्यात दिसत नाही ना? आमच्या रडारवर तुम्ही केव्हाच दिसलात.”

“रडारवर नुसता ठिपका दिसतो. माणूस नाही.”

“म्हणून तर जवळून बघायला आलो...”

चैतालीने मान वळवली. पापण्यांवर दवाचे थेंब साचले होते, आणि गालातलं हसू काही केल्या लपेना.

एका विभागातून दुसऱ्यात जायचं तर पासवर कारण आणि मिनिटं लिहायची, हा तिथला नियम. तेव्हापासून दर गुरुवारी प्रज्ञेश तिच्या दारात हजर! ‘लेन्स पुसायचं कापड – दहा मिनिटं.’ पावसाळाभर त्याने इतकी कापडं नेली, की अख्खं रडार पुसून झालं असतं. ती दहा मिनिटं चैताली वडिवळ्याला घरी पोचेपर्यंत मनात घोळवायची. पण मनातलं ओठांवर कुणीच आणलं नाही.

मग रडार विभाग सोमवारी हैदराबादला हलणार असल्याचं पत्र आलं. आणि शेवटच्या गुरुवारी तो आलाच नाही.

चार वाजले तशी चैताली उठली. आज बोलली नाही, तर तो कायमचा जाणार होता. तिने स्वतःच पास भरला आणि रडार विभागाच्या दारावरच्या कोंडाजीभाऊंपुढे धरला. कारण: ‘राहिलेलं सांगायचंय.’ वेळ: ‘जन्मभर.’

“ताई, हितं मिनिटं लिव्हायची असत्यात!”

“मावत नाहीत हो, भाऊ.”

कोंडाजीभाऊंनी मिशीतल्या मिशीत हसत दार उघडलं. “जावा. पन परत येताना ज्यास्नी भेटताय त्या सायबाची सही आना.”

प्रज्ञेश खोकी बांधत होता. तिला पाहून गडबडला. “मी येणारच होतो, पण... निरोप घ्यायचाय, असं लिहवेना.”

“हैदराबादला कॅमेऱ्यांचा विभाग आहे?”

“आहे.”

“मग उद्या माझा बदलीचा अर्ज जाईल. तू मला आवडतोस, प्रज्ञेश... लय आवडतोस. आता सही कर.”

त्याच्या हातातली चिकटपट्टी घरंगळत टेबलाखाली गेली. पास वाचताना त्याचे डोळे भरून आले. त्याने सही केली.

“बाहेर पडायची वेळ लिहायची राहिली,” ती हळूच म्हणाली.

प्रज्ञेश हसला, आणि त्याने पेन खिशात ठेवून दिलं.