नाकाडाच्या चढणीवरची ठिणगी

शिंगरूला काय होतंय हे कुणालाच कळत नव्हतं. आणि गंमत म्हणजे खुद्द शिंगरूला विचारलं, तर ते पोलादी मान हलवून एवढंच म्हणायचं, "तपासणी पूर्ण. सगळं ठीक."

शिंगरू हा खरं तर सरकारी कागदावरचा भारवाहू यंत्रमानव. पण चार पाय, लांब मान आणि पाठीवर ओझं, यात मानवासारखं काय आहे, असं म्हणून घाटमाथ्यावरच्या आंबेमुरा वस्तीने पहिल्याच दिवशी त्याचं नाव शिंगरू ठेवून टाकलं. खालच्या गावातून औषधं, धान्य, टपाल असं सगळं ते वर आणायचं. माथ्यावर महिनोन्महिने ढग उतरलेले असतात, तिथे सौरऊर्जेचं काही चालत नाही. म्हणून त्याच्या पोटात इथेनॉलवर (उसाच्या मळीपासून केलेल्या इंधनावर) चालणारं छोटं इंजिन होतं. इंजिन वीज तयार करायचं आणि विजेवर पाय चालायचे.

दहा वर्षांच्या जाई ढेबेचा त्याच्यावर फार जीव होता. शाळा खालच्या गावात. रोज जाता-येता ती त्याच्याशी इतक्या गप्पा मारायची, की बिचाऱ्या यंत्राच्या जागी माणूस असता तर कानात बोळे घालून चालला असता. शिंगरू मात्र तिच्या पावलांच्या बेताने आपला वेग कमी करायचं.

पण हल्ली दोनदा घाटात ते मधेच थांबलं. एकदा तर खोकल्याचं औषध वाटेतच राहिलं आणि एका तान्ह्या बाळाला रात्रभर त्रास झाला. खालच्या गावातल्या यंत्रांच्या आगारातल्या लोकांनी शिंगरूला अंगणात उभं केलं, इंजिन चालवून पाहिलं, दोन फेऱ्या मारायला लावल्या. कुठे काही दोष नाही! शेवटी निरोप आला: डॉक्टर काझी येऊन बघतील. त्यांनाही दोष सापडला नाही, तर यंत्र परत नेऊन त्याचे सुटे भाग करण्यात येतील.

सुटे भाग! त्या दिवशी जाईने ताटातली भाकरी तशीच ठेवली.

डॉक्टर काझी म्हणजे इंजिनांच्या अभ्यासात केस पांढरे झालेल्या शास्त्रज्ञ. शाळा सुटायच्या वेळेला त्या खालच्या गावात हजर झाल्या. शिंगरूच्या पाठीवर तांदळाची पोती, मिठाच्या पिशव्या आणि टपाल लादलेलं होतं.

"मॅडम, तुमी याला बरं कराल ना?" जाईने विचारलं.

"आधी बघू दे तर. न बघता बरं करणारे वेगळे असतात," मॅडम म्हणाल्या. पण जाईचा चेहरा पाहून त्यांनी आवाज मऊ केला. "मनापासून बघीन. एवढं नक्की."

त्यांनी इंजिनाजवळच्या एका जाड तारेला चिमट्यासारखं उपकरण लावलं. "या तारेला कुणी हात लावायचा नाही. हिच्यातून हजारो व्होल्ट जातात. ही स्पार्क प्लगला (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या भागाला) वीज देते. ठिणगी पडायला किती व्होल्ट लागले, ते हा चिमटा सांगेल."

शाळेतून घरी परतणारी वस्तीवरची पोरं, मॅडम आणि शिंगरू असे सगळे निघाले. सपाटीवर इंजिन एका लयीत चाललं होतं. चिमट्याच्या पडद्यावर अठराच्या आसपास आकडा होता, म्हणजे अठरा हजार व्होल्ट. मग घाटातली नाकाडाची उभी चढण लागली. शिंगरूने पुढचा पाय उचलला आणि इंजिनाचा ठोका चुकला.

त्यासरशी जाई, तिच्या वर्गातला बिरू आणि बाकीची पोरं पुढे धावली. कुणी मिठाची पिशवी खांद्यावर टाकली, कुणी टपाल बगलेत मारलं. दोघांनी मिळून एक पोतं उतरवलं. इंजिन पुन्हा लयीत आलं आणि शिंगरू निमूट चढू लागलं.

"थांबा, थांबा! हे काय चाललंय?" मॅडमनी विचारलं.

"हलकं करतोय त्याला," बिरू म्हणाला. "चढाला दमतंय ते. आमी रोजच घेतो की."

"रोज?"

"व्हय. माझा बापबी घ्यायचा घोड्याचं वझं, या चढाला."

मॅडम एका दगडावर टेकल्या. "आणि ते दोनदा थांबलं, तेव्हा तुम्ही कुठे होता?"

जाई हळूच म्हणाली, "तेव्हा सुट्टी हुती शाळंला. ते एकटंच आलं हुतं." आणि बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं. "मॅडम, म्हणजे आमच्यामुळं त्याचं दुखणं कुणाला दिसलंच न्हाई?"

"तुम्ही माया केलीत, त्यात चूक काही नाही," मॅडम म्हणाल्या. "पण त्याचा दोष ओझं घेऊन चढतानाच दिसतो. आगारात त्याला सपाटीवर तपासलं आणि इथे तुम्ही ओझं काढून घेतलंत. मग दोष दिसणार कुठून? आता सगळं परत चढवा. आणि ते कितीही अडखळलं, तरी हात लावायचा नाही."

सामान पुन्हा पाठीवर गेलं. शिंगरू चढू लागलं. जाईने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. आकडा चोवीस झाला, मग सत्तावीस. ठोका चुकला, पुन्हा चुकला. शिंगरूचे गुडघे थरथरायला लागले. आयुष्यात इतकं अवघड काम जाईने केलं नव्हतं, आणि काम काय, तर काहीच न करणं! तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने हात सोडले नाहीत. आकडा तीसवर गेला, इंजिन फडफडलं आणि बंद पडलं.

"तपासणी पूर्ण," शिंगरू म्हणालं. "सगळं ठीक."

"गप रे लबाडा," मॅडम म्हणाल्या. "सापडलास."

इंजिन थंड झाल्यावर त्यांनी प्लग उघडून जाईच्या तळहातावर ठेवला. पांढऱ्या चिनीमातीचा बोटभर तुकडा, खाली धातूची दोन टोकं आणि त्यांच्यामध्ये फट.

"ही विद्युतअग्रं (ज्यांच्यामध्ये ठिणगी उडते ती टोकं). प्रत्येक ठिणगी यांचा नखाच्या अग्राहूनही कितीतरी लहान कण घेऊन जाते. अशा कोट्यवधी ठिणग्या पडल्या, की काय होईल?"

मॅडमनी आपल्या पिशवीतून नवा प्लग काढून दिला, त्याच्याशी जाईने तो ताडून पाहिला. नव्याची टोकं धारदार होती, जुन्याची झिजून गोल झालेली. "फट वाढली! मग ठिणगीला लांब उडी मारायला लागणार. म्हणून जास्त व्होल्ट?"

"शाब्बास. शिवाय गोल टोकापेक्षा धारदार टोकावरून ठिणगी सहज निघते. पण मग सपाटीवर ते का चालतं?"

जाई प्लग उलटसुलट करून बघू लागली. मॅडम तिच्या शेजारी बसल्या. "चढणीवर जास्त जोर हवा, म्हणून इंजिन जास्त हवा आणि इंधन आत घेतं. सगळं त्या एवढ्याशा ज्वलनकक्षात (इंधन जळतं त्या पोकळीत) दाबून भरलं जातं. ठिणगीला त्यातून वाट काढायची असते."

"जत्रेतल्या गर्दीतून गेल्यासारखं!" जाई ओरडली. "रिकाम्या पटांगणातनं लांब उडी मारता येईल, पण गर्दीतनं न्हाई!"

"हेच. आणि वीज देणाऱ्या कॉइलची (वीजदाब वाढवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याची) ताकद तीस हजारांच्या आसपास संपते. त्याहून जास्त लागले, की ठिणगी पडत नाही, इंधन न जळता वाया जातं आणि ठोका चुकतो."

"मग आधीच का न्हाई बदलला?" बिरूने रास्त शंका काढली.

"आगारात किती अंतर चाललं ते मोजून बदलतात. पण हे चढतं हळू आणि आत इंजिन फिरतं जोरात. अंतर थोडं, ठिणग्या फार. आता हा चिमटा शिंगरूकडेच राहील. चढणीवरचा आकडा चोवीसच्या वर जायला लागला, की ते स्वतःच प्लग मागेल. थांबायची वेळच येणार नाही. अशा प्रत्येक डोंगरवस्तीच्या यंत्राला चिमटा लावायचा म्हटलं, तर मला माणसं कमी पडतील." त्यांनी जाईकडे पाहिलं. "मोठी हो लवकर."

नवा प्लग बसला. पण मॅडम उठल्या आणि दोनच पावलांत त्यांना धाप लागली. "तुम्ही व्हा पुढे. मी इथे जरा बसते. मला काही झालेलं नाही, मी ठीक आहे."

"मॅडम," जाई गंभीरपणे म्हणाली, "बसून सगळीच ठीक असत्यात. चढाला बघायला पायजे."

मॅडम इतक्या हसल्या, की पुन्हा धाप लागली. शिंगरू गुडघे टेकून खाली बसलं. त्या सामानाच्या वर बसल्या आणि शिंगरू तांदूळ, मीठ, टपाल आणि एक शास्त्रज्ञ घेऊन उठलं.

नाकाडावर पोरं श्वास रोखून दोन्ही बाजूंनी चालली. आकडा नऊ, अकरा, तेरा, चौदा. तिथेच तो थांबला. इंजिनाचा एकही ठोका चुकला नाही. वर बसलेल्या मॅडम मोठ्याने म्हणाल्या, "अहवाल लिहून घे, शिंगरू. दोष सापडला. यंत्र वस्तीवरच राहील."

जाईला मॅडमच्या गुडघ्यावरची उपकरणांची जड पिशवी दिसली, तेव्हा सवयीने तिचा हात तिकडे गेला आणि चटकन मागेही आला.

मॅडमनी पडद्यावरचा आकडा पुन्हा एकदा नीट पाहिला. मग पिशवी उचलून तिच्या हातात दिली.

"घे आता," त्या म्हणाल्या. "मोजून झालंय."