पाण्याची नळी

हसू नका. माझ्या साडूच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे. तो बायकोच्या स्वयंपाकालासुद्धा खोटं चांगलं म्हणत नाही, तेव्हा मला थाप मारणार नाही.

आनुवंशिक आजार शोधणाऱ्या प्रयोगशाळेत तो तंत्रज्ञ. जानेवारीतला दुसरा गुरुवार, रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटं. मोठे डॉक्टर निघताना म्हणाले, "तेवढा एक नमुना उरकून जा." नमुना चार वर्षांच्या मुलाच्या जपून ठेवलेल्या रक्ताचा. मुलगा दोन वर्षांपूर्वी गेलेला. त्याच्या आईला पुन्हा दिवस गेलेले, चौथा महिना. मुलात काय दोष होता ते कळलं, तरच पोटातल्या बाळाचं कळणार. जिन्यात ती म्हणाली होती, "दादा, एवढंच उरलंय हो त्याचं. सांभाळून करा."

यानं रक्तातला डीएनए वेगळा केला, यंत्रात गरगर फिरवला. तळाशी पांढरा ठिपका बसला. माणसाची सगळी कुंडली त्या ठिपक्यात. आता वरचं पाणी ओतून टाकायचं, ठिपका ठेवायचा. दिवसभराचा दमलेला हात. पाणी ओतलं... ठिपकाही घसरला. थेट बेसिनमध्ये. नळ चालू होता.

रडलाच बिचारा.

समोर तीन नळ्या उरल्या. आईची, बापाची आणि एक नुसत्या पाण्याची. भेसळ झाली नाही हे पडताळायला ती दर वेळी ठेवतात. तिच्यात काहीच दिसता कामा नये.

तेवढ्यात यंत्र सुरू झालं.

यानं हात लावला नव्हता.

घर्र... मग थांबलं. झाकण उघडलं. आत एकच नळी. पाण्याची. तळाशी... पांढरा ठिपका.

"कोण आहे?"

...

शेजारचं फिरतं स्टूल हळूच वळलं. पुन्हा मागे. पाय हलवत कुणी बसावं तसं.

यानं तिन्ही नळ्या तपासणीला लावल्या. सकाळी पाण्याच्या नळीत अर्धं आईचं, अर्धं बापाचं निघालं. आणि तो दोषही. यानं सगळं खरं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "नळ्या बदलल्या असतील तुझ्याकडून." तरी दुसऱ्या प्रयोगशाळेतून तपासून आणलं. तेच. मग बाळाची तपासणी झाली. बाळात दोष नव्हता. आई ढसाढसा रडली. ती पोरगी आता शाळेत जाते.

ती पाण्याची नळी उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये आहे. तिथं सगळ्याचा दगड होतो.

सहा वर्षं झाली. ती गोठलेली नाही.

मी स्वतः हातात घेतलीय...

कोमट होती.